वरचे पन्नास बार

नेमबाजी शिकू लागलेल्या मुलांचे आईबाप मला फोन करतात तेव्हा रायफलची किंमत विचारतात, जॅकेट-पँटची विचारतात, छर्ऱ्यांचा डबा कितीला पडतो तेही विचारतात. हवेचं कुणी विचारत नाही. हवा विकत घ्यावी लागते आणि गोव्यात ती मिळवायला एवढा खटाटोप पडतो, हे कुणाच्या मनात येणार तरी कसं? मी डिचोलीत एका पतसंस्थेत हिशेब बघते. मुलगी अकरावीत आहे, दहा मीटर एअर रायफल मारते. तिच्या रायफलीत हवा भरण्यापायी जे काही कळलं आणि जेवढे पैसे गेले, ते लिहून ठेवते.

आधी रायफलीबद्दल थोडं. स्पर्धेच्या एअर रायफलीला नळीच्या खाली एक नळकांडं असतं. आमचं आहे साधारण पाव लिटरहून थोडं लहान. त्यात हवा भरायची २०० बार दाबानं. गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतात, म्हणजे त्याच्या जवळजवळ शंभरपट. आतला रेग्युलेटर हा दाब ७० बारच्या आसपास उतरवतो आणि प्रत्येक गोळीला मोजून तेवढीच हवा सोडतो. त्यामुळं ४.५ मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा दर वेळी सारख्याच वेगानं, सेकंदाला १७० ते १७५ मीटर, बाहेर पडतो. नळकांड्यातला दाब ७०-८० बारवर आला की हे गणित बिघडतं आणि गोळी खाली पडू लागते. लक्ष्यावरच्या दहाच्या ठिपक्याचा व्यास अर्धा मिलिमीटर, त्यामुळं तिथं ही चूक लपत नाही. थोडक्यात, आम्हाला उपयोगाची हवा म्हणजे २०० ते ८० या पट्ट्यातली. तेवढ्यात अडीचशे-तीनशे गोळ्या होतात.

(परवान्याचं विचारणारेही असतात. ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असली तर शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते.)

पूर्वी अशा भानगडी नव्हत्या. बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग ताणायच्या रायफली होत्या, मग एकदाच दांडा दाबून हवा भरणाऱ्या आल्या, मधल्या काळात कार्बन डायऑक्साइडवाल्याही आल्या. या शेवटच्या प्रकाराला गोव्यासारखी हवा मानवणारी नाहीच. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहतच नाही, दाब तापमानाबरोबर वरखाली होतो, आणि आमच्याकडे एप्रिलात सावलीतसुद्धा पारा त्याच्या पुढे. दाबाची हवा त्या मानानं शहाणी. फक्त ती आणायची कुठून, हा प्रश्न.

सुरुवातीला क्लबच्या कॉम्प्रेसरवर काम भागायचं. रेंजवर गेली की येताना नळकांडं भरून आणायची. मग तो कॉम्प्रेसर दुरुस्तीला गेला आणि आज येतो, उद्या येतो करत आलाच नाही. त्याच सुमारास आम्ही घरी सराव सुरू केला होता. जुनं घर आहे, पडवीच्या टोकापासून मागच्या खोलीच्या भिंतीपर्यंत दहा मीटर बरोबर बसतात. मधली दारं आतून कडी लावून घ्यायची, सासऱ्यांना पेपर घेऊन अंगणात बसवायचं, आणि मुलगी रोज संध्याकाळी चाळीस-पन्नास गोळ्या मारणार. म्हणजे आठवड्याला एक भरणी हवीच. प्रशिक्षक म्हणाले, ड्राय फायरिंग वाढवा. तेही करते, रायफलीत त्याची सोय असते, घोडा ओढला तरी हवा खर्च होत नाही. पण नुसत्या कोरड्या सरावावर सामना खेळता येत नाही. साठ गोळ्या, ७५ मिनिटं, आणि प्रत्येक गोळीचा दशांशात गुण. खरी गोळी सुटल्यावर रायफल कुठं बसते ते बघावंच लागतं.

पहिला उपाय हातपंप. दिसायला सायकलच्या पंपासारखाच, पण आत तीन टप्पे. बारा हजारांच्या आसपास पडला. १२० बारपर्यंत मुलगी स्वतः मारायची. पुढं तिचे बाबा. १५० च्या वर मात्र दांड्यावर सगळं अंग टाकावं लागतं, आणि काटा हलला की नाही हे वाकून बघावं लागतं. ८० पासून २०० पर्यंत न्यायचं तर आमच्या नळकांड्यात २४-२५ लिटर साधी हवा कोंबायची असते. पंप तापतो म्हणून मध्ये थांबायचं, नाहीतर आतली सीलं जातात. आमच्याकडचं गणित असं, की खालचे सत्तर बार हसतखेळत होतात आणि वरचे पन्नास बार घरात वाद लावतात. सरावाच्या आधी पंप मारला तर तिचे खांदे आणि हात थरथरतात, मग नेम काय लागणार? म्हणून पंप नेहमी बाबांच्या वाट्याला. त्यांची पाठ हा वेगळा विषय आहे.

खरी अडचण पाठीची नव्हती, पाण्याची होती. जुलैत आमच्याकडच्या घनमीटरभर हवेत पंचवीसेक ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ती हवा दाबून दोनशेव्या भागात बसवली की जवळजवळ सगळी वाफ पाणी होते. म्हणजे प्रत्येक भरणीला अर्धा ग्रॅम. एका वेळी थेंबभर वाटतं, पण पावसाळाभर साठलं तर रेग्युलेटरच्या आत गंज, झडपेवर पांढरा थर, आणि गोळीचा वेग मागेपुढे. पंपाच्या बुडाला सिलिका जेलची डबी येते. निळे दाणे दोन दिवसांत गुलाबी व्हायचे. ते तव्यावर परतून पुन्हा निळे करायचे, हे एक नवीन काम स्वयंपाकघरात आलं. मी त्यासाठी जुना तवा वेगळा काढला आणि त्यावर कुणी पोळी टाकणार नाही अशी तंबी दिली. एवढं करूनही पंपाच्या हवेवर माझा भरवसा बसला नाही. सिलिका जेल पाणी थोडं शोषतं, सगळं नाही.

मग सगळे सांगू लागले, अहो, तुम्ही गोव्यात राहता, पाणबुड्यांकडे जा की! सांगणं चुकीचं नव्हतं. बागा-कांदोळीच्या किनाऱ्याला स्कूबावाले आहेत, ग्रँड आयलंडला पर्यटकांना बुडवून आणतात, त्यांच्याकडे मोठे कॉम्प्रेसर असतात आणि त्यांची हवा आमच्या हवेपेक्षा कितीतरी चांगली, कारण ती माणसांनी श्वासात घ्यायची असते. तेल गाळलेली, पाणी काढलेली. डिचोलीहून अस्नोडा, म्हापसा करत किनाऱ्यावर पोचायचं, तेवढाच फेरफटका.

पहिल्याच दुकानात त्या पोरानं आमची भरायची नळी हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली. "बाय, हें आमच्या वॉल्वाक बसचें ना." आमच्या नळीला आट्यांचं डीआयएन तोंड, त्यांच्या सिलिंडरना वरून पकड घालून आवळायचा योक. मधला जोड मुंबईहून मागवला. जोड आला, बसला, आणि काट्यानं पुढचा धडा दिला.

स्कूबावाल्यांचं ॲल्युमिनियमचं नेहमीचं सिलिंडर ११ लिटरचं, २०० बारचं. आमचं नळकांडंही २०० बारचं. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते आणि दोन्हीकडे सारखा दाब झाला की थांबते. त्यामुळं सिलिंडर काठोकाठ असलं तरी आमच्यात दोनशेला दोन कमीच येणार. प्रत्यक्षात ते काठोकाठ नसतंच. घाईनं भरलं की हवा तापते, काटा २०० दाखवतो, आणि सिलिंडर थंड होताना तो १८५-१९० वर उतरतो. पाणबुड्याला त्यानं फरक पडत नाही, पाण्याखाली पाच मिनिटं कमी. आमची मात्र वरचीच साय जाते. दुसऱ्या-तिसऱ्या रायफलीला १८०, मग १७५. सिलिंडरमध्ये दोन हजार लिटर हवा शिल्लक, आणि आमच्या कामाची शून्य.

तरी आम्ही तेच करत राहिलो. भरणीला पाचशे रुपये आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल. अकाउंटवाल्या बाईला ते टोचतंच. १८० वर भरलेलं नळकांडं घेऊन आलं की ८० पर्यंतचे शंभर बार हातात, म्हणजे गोळ्यांमध्ये सहावा हिस्सा घरी येण्याआधीच गेलेला. आणि जूनमध्ये ते दारही बंद झालं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, डायव्हिंग बंद, कॉम्प्रेसर झाकून ठेवलेले. "पावस सोंपतकच येयात," असं प्रेमानं सांगितलं. डायव्हिंगचा हंगाम ऑक्टोबर ते मे. राज्य पातळीवरच्या आणि पुढच्या निवडीच्या स्पर्धा मात्र पाऊस संपायची वाट बघत नाहीत. नेमक्या सरावाच्या महिन्यांत गोव्यातली सगळ्यात चांगली हवा कुलपात.

मग औद्योगिक वसाहतीतला गॅस डेपो. तिथल्या पोरानं आधी ऑक्सिजन सुचवला. "तोपण हवाच की, मॅडम, उलट शुद्ध." हे वाचणाऱ्या प्रत्येक पालकानं लक्षात ठेवावं, म्हणून दोन वाक्यं जास्त लिहिते. रायफलीच्या झडपेला, सीलला थोडंसं का होईना वंगण असतं. दाबाखालचा ऑक्सिजन तेला-ग्रीसला लागला की ठिणगीचीही गरज नसते, स्फोट होऊ शकतो, आणि ते नळकांडं मुलाच्या गालापासून वीतभर अंतरावर असतं. ऑक्सिजनचं काळं सिलिंडर दिसलं की आम्ही तिथून बाजूला होतो.

नायट्रोजन चालतो. कोरडा असतो, गंजवत नाही, कुणाशी भांडत नाही. हवेत तसाही ७८ टक्के तोच आहे. डेपोवाल्यानं मोठं करड्या रंगाचं सिलिंडर दाखवलं, सात घनमीटरचं. मला क्षणभर वाटलं, मिटलं. सात हजार लिटर! मग त्याच्या मानेवरचे आकडे वाचले. ४७ लिटरच्या आसपास पाण्याची क्षमता आणि सात घनमीटर गॅस, म्हणजे दाब १५०. भरून ठेवलेल्या त्या अख्ख्या राक्षसातून रायफल दीडशेच्या वर जाणार नाही. पुन्हा तेच वरचे पन्नास बार. अनामत रक्कम, महिन्याचं भाडं आणि टेम्पोनं ने-आण, हे सगळं दीडशेसाठी.

घरी येऊन मी कागद घेतला. स्कूबाचं ११ लिटर गुणिले २०० बार, साधारण २२०० लिटर. अग्निशमनवाले पाठीला लावतात तसलं कार्बन-फायबरचं ६.८ लिटरचं सिलिंडर, ३०० बारला भरलं तर ढोबळमानानं २००० लिटर. हवा जवळजवळ तेवढीच. पण पहिल्यातून दोनशेची एकही भरणी मिळत नाही, आणि दुसऱ्यातून ३०० पासून २०० पर्यंत उतरेतो पंचवीसच्या आसपास पूर्ण भरण्या मिळतात. म्हणजे पैसे लिटरला द्यायचेच नाहीत, दोनशेच्या वरच्या दाबाला द्यायचे. हे कळल्यावर खरेदीची दिशा बदलली. तोवर आम्ही लिटर मोजत होतो.

एकटीनं ते झेपण्यासारखं नव्हतं. म्हापशाचं एक कुटुंब आणि साखळीचं एक, दोघांची मुलं आमच्या मुलीबरोबर रेंजवर. तिघांनी मिळून सिलिंडर घेतलं, पस्तीस हजारांच्या घरात. नळी, काटा, जोड, हवा सोडायचा स्क्रू यांचे वर सात-आठ हजार. आणि ते भरायला पाण्यानं थंड होणारा छोटा विजेचा कॉम्प्रेसर, चाळीसेक हजार. एकूण बेरीज तिघांत भागली तरी आमच्या वाट्याला जे आलं त्यात मुलीचं नवं जॅकेट आलं असतं. ती दोन दिवस बोलली नाही.

सिलिंडर घेताना बघायचं ते मानेजवळ ठोकलेलं किंवा लेबलावर छापलेलं. बनवल्याची तारीख, कामाचा दाब, चाचणीचा दाब, चाचणीची तारीख. भारतात हे खातं पेसोकडे (स्फोटकं आणि दाबाच्या भांड्यांची सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था), नागपूरला मुख्यालय, आणि नियम २०१६ चे गॅस सिलिंडर रूल्स. पाचशे मिलिलिटरच्या वरचं भांडं त्या नियमांखाली सिलिंडर धरलं जातं, म्हणून रायफलीचं नळकांडं त्यातून सुटतं आणि आमचं ६.८ लिटरचं सुटत नाही. दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी. ३०० बारच्या सिलिंडरला ४५० बार. पाणी वापरतात कारण पाणी दाबलं जात नाही, सिलिंडर फुटलंच तर चीर पडते, बॉम्ब होत नाही. कार्बन-फायबरवाल्या बहुतेक सिलिंडरांचं आयुष्य पंधरा वर्षं, मग ती दिसायला कितीही छान असोत. वापरलेलं स्वस्तात मिळत होतं. तारखा पुसट होत्या, म्हणून सोडलं.

कॉम्प्रेसर मागच्या खोपीत बसवला. खाली बादलीभर पाणी, त्यात छोटा पंप, तो पाणी फिरवत राहतो. पाणी कोमट झालं की बदलायचं. तेल त्याचंच विशिष्ट घालायचं, गाडीचं इंजिन ऑइल अजिबात नाही. २०० पासून ३०० पर्यंत न्यायला वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये थांबून. दर पाच मिनिटांनी खालची झडप उघडून पाणी सोडायचं. जुलैत एवढ्या भरणीत तीन-चार चमचे पाणी निघतं, पिवळट, तेलकट. हाच तो चिखल रायफलीत जात होता म्हणायचा. त्याच्या पुढं मॉलिक्युलर सीव्हचा, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांचा, गाळणीचा डबा, तोही हंगामात बदलावा लागतो. वीज गेली की दाब तसाच कोंडलेला राहतो, तो आधी सोडायचा आणि मगच पुन्हा चालू करायचं. पावसाळ्यात डिचोलीत वीज किती वेळा जाते हे डिचोलीकरांना सांगायला नको.

आवाजाचं तर विचारूच नका. दुपारी दोन ते चार आमच्या वाड्यात कॉम्प्रेसर लावणं म्हणजे भांडण आमंत्रण देऊन बोलावणं. शेजारच्या काकींनी एकदा विचारलं, "खोपीत भात कांडता की काय?" आता आम्ही शनिवारी सकाळी नऊला लावतो. चवथीच्या आठवड्यात लावतच नाही, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला आलेले पाहुणे खोपीतून ये-जा करतात आणि ३०० बारच्या नळीजवळ पोरं मला नको असतात. भरताना मी मोठ्यांपैकी एकच माणूस जवळ ठेवते. बाकीचे अंगणात. सिलिंडर गार होऊ देऊन काटा पुन्हा बघायचा, नळी काढण्याआधी तिच्यातली हवा सोडायची, रायफलीचं नळकांडं सावकाश, मिनिटभर घेऊन भरायचं. नळकांडं कधीही पूर्ण रिकामं ठेवायचं नाही, थोडा दाब आत असला की बाहेरची दमट हवा शिरत नाही.

हिशेबाची वही वेगळी ठेवली आहे. विजेचा खर्च हसण्यासारखा, भरणीमागे युनिटभरसुद्धा नाही. पैसे जातात ते सीलांत, पिस्टनच्या रिंगांत, गाळणीत. सहा महिन्यांत वरच्या टप्प्याची रिंग एकदा गेली. सुटा भाग अडीचशे रुपयांचा, पण तो येईपर्यंत पुन्हा हातपंप आणि बाबांची पाठ. म्हणून आता दोन रिंगा कपाटात असतात. आमचा नियम असा, की प्रत्येक कुटुंब भरणीमागे शंभर रुपये डब्यात टाकतं आणि त्यातून दुरुस्ती निघते. स्कूबावाल्याला देत होतो त्यापेक्षा कमी, आणि दोनशे म्हणजे दोनशेच. गुंतवणूक वसूल व्हायला मुलांना अजून बरीच वर्षं खेळावं लागेल. बारावीनंतर तिघांपैकी कोण खेळत राहील ते मला माहीत नाही, म्हणून डब्याच्या झाकणावर तिन्ही कुटुंबांचे वाटे लिहून सह्या घेतल्या आहेत. पतसंस्थेची सवय.

बाहेरगावच्या स्पर्धेला जाताना सिलिंडर नेत नाही. विमानात तर नळकांडं रिकामं करूनच द्यावं लागतं, आणि कोकण रेल्वेनं जाताना दाबाचं सिलिंडर डब्यात ठेवायची माझी तयारी नाही. मोठ्या रेंजवर भरायची सोय असते, पुण्याला बालेवाडीत, भोपाळला. रांग लावायची आणि भरून घ्यायचं. मुलगी सांगते, तिथं दुसऱ्या राज्यांतली मुलं रांगेत उभी असताना हवेबद्दल एक शब्द बोलत नाहीत. त्यांच्या रेंजवर कॉम्प्रेसर आहे, ते चालू करतात आणि भरतात. २०२३ मध्ये ३७वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाली तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी प्रत्येक तालुक्यात नाही, पण उत्तरेत एक आणि दक्षिणेत एक अशी भरणीची कायमची सोय होईल. तीन-चार लाखांचा एक चांगला कॉम्प्रेसर दोन-तीन क्लबांना पुरतो. ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याशी बोलून झालंय. अर्जाची पोच आहे.

सध्या आमच्या वहीत पुढचा मोठा खर्च नळकांड्याचा आहे. रायफलीच्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्याला बनवणाऱ्यानं दहा वर्षांची मुदत दिलेली असते आणि ती तारीख उलटलेली नाही हे पाहणं आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणं नेमबाजाचीच जबाबदारी. आमची रायफल जुनी घेतलेली, त्यामुळं नळकांड्याची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. पुन्हा चाचणी करून मुदत वाढवून मिळत नाही, नवंच घ्यावं लागतं. मुंबईच्या दुकानदाराला दर विचारलाय. तो म्हणाला, जर्मनीहून माल आला की सांगतो, आणि दोन घेतली तर थोडं कमी करीन. साखळीवाल्यांच्या नळकांड्याची तारीख बघून सांगा म्हटलंय त्यांना.